सहा महिन्यांत चलान मरतं म्हणे!

शहागडात हायवेच्या कडेला चहाला बसलं की दहा मिनिटांत कुणीतरी मोबाइल पुढे करतो. अंबडच्या कोर्टात वकिली करणाऱ्याने गावात सल्ला फुकट द्यायचा असतो, हा इथला अलिखित कायदा. "साहेब, येवढं बघा बरं." बघावं तर ई-चलान. मी चष्मा सापडेपर्यंत खिसे चाचपतो, तेवढ्यात शेजारच्या बाकावरून निकाल लागलेलासुद्धा असतो: "काही भरू नको. सहा महिने गप ऱ्हा. आपोआप रद्द होतं ते."

हे वाक्य मी ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या मालकाकडून ऐकलंय, शिक्षकाकडून ऐकलंय, आणि एकदा तर चक्क कोर्टाच्या आवारात, पक्षकाराला धीर देणाऱ्या पाहुण्याकडून. धडधडीत खोटं असतं तर सोपं होतं. पण ते अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते मरत नाही.

खरा अर्धा भाग आधी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 468 नावाचं कलम होतं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 514 झालं. ते म्हणतं, ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिने उलटल्यावर कोर्टाने घ्यायची नाही. हेल्मेट नसणं, सीटबेल्ट नसणं, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने गाडी हाणणं हे सगळे दंडावर भागणारे गुन्हे. म्हणजे पोलिसांनी नुसतं चलान काढलं आणि सहा महिन्यांत कोर्टात काहीच दाखल केलं नाही, तर तो खटला चालवायला कायद्याची आडकाठी येते. इथपर्यंत बाकावरच्या न्यायमूर्तींशी मी सहमत आहे.

पण ही आडकाठी कोर्टाला आहे, चलानाला नाही. आपल्याकडे किराणा दुकानदाराची उधारी तीन वर्षं थकली की त्याला दावा लावता येत नाही. म्हणून त्याच्या वहीतलं तुमचं नाव खोडलं जातं का? नाव तिथेच राहतं, आणि पुढच्या खेपेला तो तेल-साखर देताना वही काढून बसतो. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावरची चलानाची नोंदही तशीच बसून राहते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला जा, जीप-टेम्पोचं फिटनेस करायला जा, तिथे ती आडवी येऊ शकते. सहा महिने झाले म्हणून ती पुसून टाकणारा कुणी कारकून मुंबईत बसलेला नाही.

दुसरं, सगळ्या चलानांना सहा महिने नसतात. गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद असेल तर मुदत एक वर्षाची. लायसन्स नसताना गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे मुदत एक वर्ष. मोबाइल हातात धरून गाडी चालवणं 2019 च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात आलं, तिथेही एक वर्ष. दारू पिऊन दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि मुदत थेट तीन वर्षं. दारूच्या गुन्ह्यात तर तडजोडीची रक्कम भरून सुटकाच नाही, ते प्रकरण कोर्टातच जातं. 'सहा महिने' हा मंत्र सगळ्यांवर फुंकणाऱ्याने चलानावरचं कलम वाचलेलं नसतं.

तिसरा मुद्दा सांगितला की समोरचा चहा खाली ठेवतो. मुदत मोजायची ती समन्स तुमच्या दारात येईपर्यंत नव्हे. पोलिसांनी कोर्टात प्रकरण दाखल केलं, तो दिवस धरायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 साली सारा मॅथ्यू यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलंय. पाचव्या महिन्यात प्रकरण दाखल झालं आणि समन्स दहाव्या महिन्यात आलं, तरी ते मुदतीतच आहे. आणि खरंच उशीर झाला असला, तरी कारण पटलं तर किंवा न्यायासाठी गरज वाटली तर कोर्ट तो माफ करू शकतं. त्याला आता 519 वं कलम.

म्हणजे मुदतीचा मुद्दा चांगला बचाव आहे, मी स्वतः तो घेतो. पण तो उभं राहून मांडायचा असतो, घरी गप बसून नव्हे.

आता, 'कोर्टात' म्हणजे कुठल्या कोर्टात? इथेही घोळ. गाडीचा नंबर एमएच 21, म्हणजे केस जालन्याला, असं लोक धरून चालतात. नंबरचा काही संबंध नाही. गुन्हा जिथे घडला तिथलं कोर्ट. आपल्याकडे तर ही सीमा डोळ्यांना दिसते: गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे अंबड तालुका, पुलापलीकडे गेवराई, बीड जिल्हा. एकाच सकाळी अलीकडे एक आणि पलीकडे एक चलान झालं, तर दोन जिल्हे, दोन कोर्टं. पुण्याला पोराला सोडायला गेलात आणि तिथे सिग्नल तोडलात, तर अंबडला माझ्याकडे येऊन उपयोग नाही. म्हणून आधी चलानावर कुठल्या पोलीस घटकाचं नाव आहे ते वाचायचं.

मागच्या महिन्यात असाच एक शेतकरी आला. चार चलानं. 'सहा महिन्यांत जातं' म्हणून दोन वर्षं जपून ठेवलेली, जुनी वारुणी असावी तशी. मी म्हटलं, आधी फोटो तर उघडू. महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान निघतं, तारीख-वेळ-ठिकाण दिसतं आणि बहुतेक वेळा फोटोही. पहिला फोटो उघडला. मागून काढलेला, दुधाचे दोन कॅन लटकवलेली मोटारसायकल, चालवणाऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, हेल्मेट नाही. शेतकऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "हा तर आपला दूधवाला."

गाडी त्याने दोन वर्षांपूर्वीच दूधवाल्याला विकली होती. शंभराच्या बाँडवर, नोटरी करून. दोघांच्या मते व्यवहार पक्का. आरटीओच्या दप्तरी मात्र गाडी अजून याच्याच नावावर. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंद तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात पुन्हा सांगितलं. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं, म्हणजे चलानाच्या दंडापेक्षा कितीतरी मोठं ओझं. गाडी विकली की विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म असतात. बाँड हा तुमच्या दोघांतला कागद. कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

चारातली तीन चलानं दूधवाल्याची निघाली. चौथं खुद्द शेतकऱ्याचं, गाडी विकायच्या आधीचं. तो जरा वेळ गप्प बसला.

कोर्टातली नोंद शोधायची तर रस्ता वेगळा. पोलिसांच्या संकेतस्थळावर 'प्रलंबित' दिसतं म्हणजे केस कोर्टात आहे असं नाही, आणि तिथे दिसत नाही म्हणजे कोर्टात नाही असंही नाही. व्हर्चुअल कोर्टाच्या संकेतस्थळावर गाडीच्या किंवा चलानाच्या नंबरने शोधता येतं. महाराष्ट्राचं असं पहिलं कोर्ट ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झालं. तिथे दंड कबूल करून भरला की प्रकरण मिटतं. लढायचं म्हटलं की ते हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे येतं. अंबड किंवा गेवराईच्या कोर्टातली केस ई-कोर्ट्सवर बघायची, पण तिथे गाडीच्या नंबरने शोध नाही. पक्षकाराचं नाव, केस नंबर, नाहीतर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर लागतो. यादीत एस.सी.सी. दिसलं की समजायचं, समरी केस. नावाचं स्पेलिंग पाच प्रकारे करून बघा, मी मुकाट्याने तेच करतो. कोर्टात दंड भरला तर पावती आणि हुकुमाची नक्कल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. कोर्टात मिटलेलं प्रकरण पोलिसांच्या पडद्यावर 'प्रलंबित' राहिलं, तर दाखवायला तोच कागद.

"लोक अदालतीत सगळं माफ होतं" हा दुसरा लाडका समज. लोक अदालत तडजोडीची जागा आहे, दोघांची संमती लागते, आणि माफीचा हक्क कुणालाच नाही. सवलत मिळाली तर त्या वेळची. लोक अदालतीची नोटीस म्हणजे समन्सही नव्हे, ते दावापूर्व बोलावणं. मात्र तिथे मिटलं की मिटलं, त्यावर अपील नाही.

"कोर्टाचा मेसेज आला, आता वॉरंट." नाही. आधी समन्स येतं. मोटार वाहन कायद्याच्या 208 व्या कलमात तर अशीही सोय आहे की वकिलामार्फत हजर व्हावं, किंवा गुन्हा कबूल करून ठरलेली रक्कम मनीऑर्डरने धाडावी. समन्सला वर्षभर पाठ दाखवलीत, तर मग वॉरंटाची गोष्ट.

"पोलिसाने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला, चलान बाद." खासगी मोबाइल वापरू नका असं परिपत्रक जुलै 2025 मध्ये निघालं हे खरं; त्याने चलान आपोआप बाद होत नाही, तक्रारीला मुद्दा मिळतो. तक्रार महाट्रॅफिकवरच करता येते, आणि ती पैसे भरायच्या आधी करायची. भरणं म्हणजे तडजोड मान्य करणं.

"डिजिलॉकरमधलं लायसन्स चालत नाही." 2018 पासून चालतं. गॅलरीतला फोटो चालत नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली तर ती उघडू नका. सरकार चलान म्हणून अ‍ॅप पाठवत नाही. ते इन्स्टॉल केलंत, तर बँकेतल्या पैशांवर कुणाचाच सहा महिन्यांचा नियम लागू होत नाही.

शेतकरी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला घेऊनच आला. दूधवाल्याने आपले तीन फोटो नीट पाहिले, तिसऱ्यात मागे बायको बसलेली दिसली तेव्हा जरा हसला, आणि खिशातून पैसे काढता काढता म्हणाला, "पण साहेब, सहा महिने तर कधीच झालेत ना?"