संमती एकाची, रक्त सर्वांचे

वैद्यापुढे नाडी ठेवताना रोगी संकोच बाळगत नाही. आपले दुखणे चव्हाट्यावर येणार नाही, हा विश्वास त्यामागे असतो. आज तीच नाडी इंटरनेटवर ठेवली जात आहे. तेथे हा विश्वास कोणी राखावयाचा?

अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीची हकिगत या बाबतीत बोधप्रद आहे. नळीत थुंकी घालून पाठवावी आणि आपले पूर्वज व संभाव्य व्याधी यांचा वृत्तान्त इंटरनेटवर वाचावा, असा तिचा व्यवसाय. सुमारे दीड कोटी लोक तिचे ग्राहक झाले. २०२३ साली चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४,००० खाती उघडली. परंतु नातलग शोधून देण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. या लोकांनी संमती दिली होती ती नातलगांपुरती, चोरांसाठी नव्हे! मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दिवाळखोराच्या भांड्याकुंड्यांबरोबर हा जनुकसंग्रहही विक्रीस निघाला. अखेर त्याच वर्षी तिच्या एका संस्थापिकेच्या संस्थेनेच ३० कोटी ५० लाख डॉलरांस तो घेतला.

कोणी म्हणेल, ज्यांनी संमती दिली त्यांनी परिणाम भोगावेत. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. रक्त हे एकट्याचे नसते. एका भावाने नळी पाठविली की बहिणीचे व मुलांचे गुपितही अंशतः उघडे पडते. त्यांना विचारले कोणी?

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. वैयक्तिक डिजिटल माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट व समजून दिलेली असली पाहिजे, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमतीचा मजकूर मराठीतून मागण्याची मुभाही त्यात आहे. हे सर्व स्तुत्य होय. परंतु आरोग्याच्या माहितीस या कायद्याने वेगळा व अधिक कडक दर्जा दिलेला नाही. दूरध्वनीचा क्रमांक आणि रक्ताचा अहवाल एकाच मापाने मोजणे आमच्या मते न्याय्य नव्हे. सरकारने ही उणीव विनाविलंब दूर करावी.

वाचकांसही आमचे एवढेच सांगणे आहे की, 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. घराच्या विक्रीखतावर आपण न वाचता सही करीत नाही. देह तर घराहूनही जवळचा आहे, आणि त्यात आपल्या मुलाबाळांचाही वाटा आहे.