दुधी काचेतील आजी

फिल्म कॅमेऱ्याच्या पुनरागमनाची वार्ता, पेंटॅक्सने जून २०२४ मध्ये आपला ‘पेंटॅक्स १७’ जाहीर केल्यापासून, इतकी गाजली आहे की ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्यात भिंगाच्या कड्यावरील माणसांची, डोंगराची चिन्हे पाहून अंतर अदमासे लावावयाचे असते, आणि ज्या काचेवर प्रतिमा प्रत्यक्ष पाहून निर्णय घ्यावा ती फोकसिंग स्क्रीन तेथे मुळीच नाही, याबद्दल कोणी हळहळल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर वळून या दुधी काचेवर पडतो, आणि वळसा धरून ती भिंगापासून फिल्मइतक्याच अंतरावर असल्यामुळे काचेवर जे रेखीव तेच फिल्मवर रेखीव, असा तो करार आहे. १९५९ च्या निकॉन एफमध्ये ही काच बदलता येत असे. पण पुढे सर्वसामान्य ग्राहकाच्या कॅमेऱ्यांत मध्यभागी दुभंगलेले वर्तुळ असणाऱ्या स्प्लिट इमेज काचेचा शिरस्ता पडला. विजेचा खांब तुटलेला दिसला की कडे फिरवून तो सांधावा, इथवर हिशेब चोख. परंतु आजीच्या चेहऱ्यावर खांब कोठून आणावा? कॅमेरा आडवा धरला की दुभंगरेषाही आडवी, आणि पापण्यांच्या, चष्म्याच्या वरच्या कडेच्या आडव्या रेषा तिला दाद देत नाहीत. कॅमेरा उभा केला म्हणजे कोठे ती कड तुटून दिसते. त्यातही वर्तुळ मधोमध आणि डोळे चित्राच्या वरच्या भागात, तेव्हा फोकस जुळवून कॅमेरा पुन्हा कलवणे आले; ८५ मिमीचे भिंग एफ २ वर दोन मीटरांवरून वापरले असता रेखीवपणाची एकंदर खोली अवघी साडेसहा सेंटिमीटर भरते, आणि तेवढ्यात नाकाचा शेंडा व कान हे दोघे एकदम मंजूर होत नाहीत.

म्हणून घरच्या माणसांसाठी माझा कौल वर्तुळहीन, साध्या दुधी काचेला आहे. तिच्यावर डोळा जेथे असेल तेथेच जुळवावा. ती काळोखी वाटते ही तक्रार रास्त आहे, पण भिंग ५० मिमी एफ १.८ चे घेतले तर बटण दाबेपर्यंत ते पुरते उघडेच राहते, काच उजळते, आणि चित्र मात्र एफ ८ वर घेता येते. चार मीटरांवर जुळवल्यास सुमारे २.९ पासून ६.५ मीटरांपर्यंत, म्हणजे सतरंजीवरल्या नातवंडांपासून मागे उभ्या जावयांपर्यंत, सारे निभावते.

ही काच मी स्वतःच चिमट्याने बदलली होती, आणि खरखरीत बाजू आरशाकडे, खाली, असावयाची ती वर बसवली. काचेच्या जाडीइतकी ती दूर सरकली. मला आजी लख्ख दिसत होती, फिल्मवर मात्र तिच्यामागे दोन फुटांवरची दिनदर्शिका अक्षरन्‌अक्षर उमटली आणि आजी धुक्यात गेली. तिने तो फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळला, आणि त्या एकादशीला भगर खारट झाली होती, एवढेच सांगितले.