खाटेचा पैसा, माणसाचा पैसा

भांडुपच्या चाळींत कुणी विचित्र वागू लागले, एकट्याने बडबडू लागले, की 'याला आता ठाण्याला न्या' असे म्हणायची पद्धत होती. ठाणे म्हणजे तलावपाळी नव्हे, हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे. पुण्याकडे हाच मान येरवड्याला. भांडुपहून स्लो गाडीने ठाणे तिसरे स्टेशन. तिथले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे, आणि त्याच्या जमिनीतली १४.८३ एकर जागा आता मुलुंड-ठाण्याच्या मधल्या नव्या स्टेशनासाठी ठरली आहे. ठाण्याला न्यायचे कसे हे आपल्या समाजाला सव्वाशे वर्षे ठाऊक आहे. तिथून बरे होऊन निघालेल्या माणसाने राहायचे कुठे, आणि त्या राहण्याचा खर्च कुणी उचलायचा, यावर मात्र आपण फारसे बोललेलो नाही. मी काही वर्षे याच हिशेबाच्या मागे आहे. दया, करुणा, सेवा यांवर मराठीत उत्तम लेखन झाले आहे. भाडे आणि डिपॉझिट यांवर कमी.

कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे १९ वे कलम म्हणते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. ज्यांना दीर्घ मुक्कामाच्या रुग्णालयाची गरज उरलेली नाही त्यांच्यासाठी सरकारने 'वाजवी काळात' मध्यमार्गी गृहे, समूहनिवास उभारावेत किंवा उभारायला साहाय्य करावे, असेही त्यात आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क देते. या दोन्हींच्या मागे संयुक्त राष्ट्रांचा करार आहे. भारताने त्याला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. शब्दांची उणीव कुठेच नाही. 'वाजवी काळ' म्हणजे किती आणि पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, एवढेच लिहायचे राहिले.

लेखाशीर्ष नसले की काय होते ते महाराष्ट्राने दाखवून दिले. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले की आपल्या राज्यात मनोरुग्णालयातून सोडण्याजोग्या ठरलेल्या लोकांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात आहे. न्यायालयाने ते थांबवायला सांगितले. जुन्याच इमारतींना पुनर्वसनगृहाची पाटी लावण्याच्या काही राज्यांच्या युक्तीवरही पुढे बोट ठेवले. यात अधिकाऱ्यांचा दुष्टपणा शोधण्यात मला रस नाही. ज्या खात्याकडे रिकामी खाट आणि मंजूर तरतूद आहे तिकडे माणूस ढकलला जातो. मुंबईत ते खाते भिक्षेकऱ्यांचे निघाले, इतकेच.

राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. मंजूर खाटा अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे आले की या चारांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेली पावणेपाचशेच्या आसपास माणसे आहेत. दहा वर्षे! एवढ्या काळात रेशनकार्डावरचे नाव कमी होते, खोली भावाच्या नावावर चढते, चाळ पाडून तिथे झोपु योजनेचा टॉवर उभा राहतो आणि पात्र रहिवाशांच्या यादीत त्या माणसाचा पत्ता नसतो. भांडुपसारख्या ठिकाणी, टेंभीपाड्यात काय किंवा सोनापूरला काय, घर परत न मिळण्याचे कारण पुष्कळदा नातेवाइकांच्या मनात असते त्याहून जास्त या यादीत असते.

आता हिशेब. समजा चार बायका, वय पन्नाशीच्या पुढे, भांडुप पश्चिमेला एका भाड्याच्या घरात राहतात. हा माझा स्वतःचा अंदाज आहे, एजंट, वाणी आणि घरकाम करणाऱ्या बायका यांना विचारून काढलेला. एक बेडरूम-हॉलचे भाडे २५,००० रुपये. चौघींचे जेवणखाण आणि घरखर्च १८,०००. सोबतीला दिवसपाळी-रात्रपाळीच्या दोन बाया, ३०,०००. वीज, गॅस, फोन, प्रवास ६,०००. येऊन-जाऊन असणाऱ्या समाजसेविकेच्या पगाराचा वाटा १०,०००. अडीअडचण ३,०००. औषधे सरकारी रुग्णालयातून फुकट धरली आहेत. एकूण ९२,०००, म्हणजे प्रत्येकीमागे महिना २३,०००.

जमेच्या बाजूला काय? संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० झाली. मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची योजना ४० ते ८० टक्के दिव्यांगत्वाला सहा महिन्यांचे ६,००० देते, म्हणजे महिन्याला हजार. दोन्ही मिळाले असे धरले तरी चौघींचे १४,०००. खर्चाच्या पंधरा टक्के. तेही दाखला, आधार, बँक खाते आणि राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जमला तर. आणि ती पंधरा वर्षे जर रुग्णालयात गेली असतील तर पुरावा म्हणून वॉर्डाची वही दाखवायची की काय, हा प्रश्न मी एका खिडकीवर विचारला होता. उत्तरादाखल मला पुढची खिडकी दाखवण्यात आली.

उरलेले ७८,००० आणायचे कुठून? इथे कुणीही सहज म्हणेल की त्या बायका रुग्णालयात असताना सरकार खर्च करतच होते, तोच पैसा इकडे वळवा. बोलायला सोपे आहे. रुग्णालयाचा पैसा माणसावर येत नाही, आस्थापनेवर येतो. मंजूर खाटांवर पदे ठरतात, पदांवर पगार. चाळीस जणींच्या वॉर्डातून चारजणी गेल्या तर वाचते काय? त्यांचा शिधा, साबण, थोडे कपडे. नर्स तितक्याच, वीज तितकीच, गळके छतही तितकेच. बाहेरच्या घराचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. त्यामुळे वॉर्डच्या वॉर्ड बंद होईपर्यंत सरकारला दोन्ही खर्च एकाच वेळी करावे लागतात. हा दुहेरी खर्चाचा काळ पाच-दहा वर्षांचा असू शकतो, आणि कुठल्याही वित्त विभागाला तो नको असतो.

इंग्लंडने १९८० च्या दशकात यावर एक तोड काढली. लांब मुक्कामाच्या रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाबरोबर दरसालची ठरावीक रक्कम स्थानिक यंत्रणेकडे पाठवायची. तिला तिथल्या कारभाऱ्यांनी नाव दिले होते 'हुंडा'. शब्द आपल्या कानाला खुपतो, पण व्यवहार नेमका कळतो. उत्तर लंडनचे फ्रायर्न रुग्णालय असे रिकामे होत १९९३ मध्ये बंद झाले. ज्युलियन लेफ यांच्या गटाने तिथून निघालेल्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, मार्टिन नॅप यांनी खर्च मोजला. त्यातली एक गोष्ट आपण लिहून ठेवावी अशी आहे. ज्यांना कमी मदत लागते ती माणसे आधी बाहेर पडतात आणि त्यांचा खर्च रुग्णालयापेक्षा कमी येतो. मागे राहिलेल्यांना जास्त आधार लागतो आणि त्यांचा खर्च चढतो. पहिल्या तुकडीच्या दरावर सगळ्यांचा दर बांधला तर शेवटची तुकडी आतच राहते.

अमेरिकेतली अडचण वेगळी होती. तिथल्या मेडिकेड योजनेत नर्सिंग होमचा खर्च मिळणे हा हक्क, घरी राहून मिळणारी मदत ही सवलत. म्हणजे पैसाच माणसाला संस्थेत ओढत होता. १९९९ च्या ओल्मस्टेड निकालाने गरज नसता संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरवला, आणि २००५ च्या कायद्याने एक योजना आली, तिचे नावच मुळी 'पैसा माणसामागून जातो' अशा अर्थाचे आहे. संस्थेतून घरी गेलेल्या व्यक्तीच्या पहिल्या वर्षाच्या खर्चात केंद्र सरकार राज्याला वाढीव वाटा देते. दुहेरी खर्चाच्या खड्ड्यावर टाकलेली ही फळी.

आपल्याकडे फळी टाकली ती दानशूरांनी. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेचा 'होम अगेन' उपक्रम रत्नागिरीत चालतो: साध्या वस्तीत भाड्याचे घर, चार-पाच जणी, सोबत मदतनीस. माझ्या वरच्या हिशेबाचा आराखडा तिथूनच घेतलेला आहे. नागपूरच्या रुग्णालयात टाटा ट्रस्ट्सने 'उडान' प्रकल्प राबवला. ही कामे चांगली आहेत, पण धर्मादाय निधीची मुदत काही वर्षांची असते आणि भाडे हे मरेपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला येते.

दुसरा रस्ता पालकांचा. बदलापूरचे 'आधार' हे मतिमंद प्रौढांच्या पालकांनी एकत्र येऊन, स्वतःचे पैसे घालून उभे केले. 'आमच्यानंतर काय' या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गाने दिलेले हे सर्वांत ठोस उत्तर, आणि त्याबद्दल मला आदर आहे. ते गावाकडेला, एका आवारात आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी भांडुपमध्ये घर शोधून पाहावे. मी दोन एजंटांकडे हीच चार बायकांची मागणी नेली. पहिल्याने विचारले, 'फॅमिली आहे का?' दुसरा म्हणाला, सोसायटी एनओसी देणार नाही, वर पोलीस पडताळणीच्या अर्जात नाते काय लिहायचे? करारावर सही कुणाची, हा त्याचा तिसरा प्रश्न. आणि तो त्याच्या बाजूने रास्त होता. कायदा त्या बायकांना करार करण्यास सक्षम मानतो. घरमालक मात्र सहीमागे पगाराची पावती शोधतो.

दरम्यान ठाण्याच्या जुन्या रुग्णालयाच्या जागी तीन हजारांवर खाटांचे नवे रुग्णालय उभारायचे ठरले आहे. तीव्र आजारात रुग्णालय लागते, चांगले लागते, याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक नवी खाट म्हणजे नवी पदे, आणि वर सांगितलेला दुहेरी खर्च आणखी लांबणे.

म्हणून शेवटचा आकडा मांडतो. ४७५ माणसे, प्रत्येकी २३,०००, बारा महिने: १३ कोटी ११ लाख रुपये, तेही मुंबईच्या दराने, रत्नागिरी-नागपूरला भाडे याहून कमी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखायचा आहे, त्यातून भाड्याचा वाटा बसू शकतो. भांडुपच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एस विभाग कार्यालयाला एका घरापासून सुरुवात करायला मंत्रालयाची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही. राज्याने निदान डिपॉझिटचा फिरता निधी तरी काढावा. चौघांचे एक घर धरले तर ११९ घरे, घरटी एक लाख, म्हणजे १ कोटी १९ लाख. घर सोडताना ते परत मिळतात. आणि करारावर घरमालकाला हवी ती दुसरी सही त्या निधीच्या अधिकाऱ्याची असेल.