शून्य नेमकं कुठलं?

थंडीत आमच्या हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर बादल्यांची रांग लागते. एकदा रूममेटने लॅबचा थर्मामीटर बादलीत बुडवला आणि जाहीर केलं, "नळाचं पाणी 20 डिग्री, गीझरचं 40. म्हणजे दुप्पट गरम!" मीही मान डोलावली. याच चुकीने पुढे थर्मोच्या व्हायवात माझी दांडी उडाली, म्हणून हा लेखप्रपंच.

सरांनी विचारलं, "327 आणि 27 अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालणाऱ्या इंजिनाची कार्नो कार्यक्षमता किती?" सूत्र पाठ होतं : एक वजा, थंड भागिले गरम. आकडे टाकले आणि ऐटीत सांगितलं, "92 टक्के, सर." सर म्हणाले, "असं इंजिन सापडलं तर मलाही एक आण!"

मित्रहो, चूक शून्यात होती. सेल्सिअसचं शून्य म्हणजे बर्फ वितळण्याचं तापमान. ते सोयीसाठी निवडलेलं. तेच 20 आणि 40 फॅरनहाइटमध्ये 68 आणि 104 होतात, म्हणजे दीडपट. पाणी तेच, मग दुप्पट की दीडपट? दोन्ही नाही! दोघांची उंची जमिनीऐवजी मेसच्या टेबलापासून मोजली, तर उंचीतला फरक बरोबर येईल, पण 'किती पट' हे साफ चुकेल.

मग तापमानाची जमीन कुठे? दाब कायम ठेवून वायू थंड केला, की 0 अंशाला असलेल्या आकारमानाच्या सुमारे 1/273 भागाने तो दर अंशाला आकसतो. आलेखाची रेषा पुढे वाढवली, की ती उणे 273.15 ला शून्यावर टेकते. (खरा वायू त्याआधीच द्रव होतो, हे वेगळं.) 1848 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी कार्नोच्या सिद्धांतावरून कुठल्याही एका पदार्थावर न विसंबणारी निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. रँकिनच्या पट्टीचं शून्यही हेच, फक्त तिचे अंश फॅरनहाइटएवढे. 2019 पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावरून होते, म्हणजे तापमानाचं नातं थेट रेणूंच्या ऊर्जेशी जोडलंय.

आता माझं गणित : 327 म्हणजे 600 केल्विन, 27 म्हणजे 300. कार्यक्षमता 50 टक्के. आणि बादली? 293 वरून 313. जेमतेम 7 टक्के वाढ!

अजून एक. थर्मामीटर तापमान दाखवतो, उष्णता नाही. 15 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला 15 × 4.2 × 20, म्हणजे 1260 किलोज्यूल लागतात. 2 किलोवॅटच्या गीझरला निदान साडेदहा मिनिटं. 100 मिलिलिटर पाण्याला 8.4 किलोज्यूल पुरतात. तापमान दोन्हीकडे 40 च.

इथला 20 हा फरक आहे, म्हणून सेल्सिअस चाललं. गुणोत्तर, वायूचं समीकरण किंवा प्रारणाचा चौथा घात आला, की आधी 273 मिळवा, मगच कॅल्क्युलेटर उचला. आणि केल्विनला 'अंश' लावू नका, त्यावरही सर अडवतात.

रूममेटला हे सगळं समजावलं. "फक्त सात टक्के ना?" म्हणत त्याने माझीच बादली उचलली.