मांजर की बिल्ली?

तपासणी करणाऱ्या बाईंनी चित्रं पुढे धरून विचारलं, "बाळा, हे काय?" मांजर, तांब्या, चिमणी, दार. माझा भाचा, वय दोन वर्षं दोन महिने, नुसता बघत राहिला. बाईंनी कागदावर लिहिलं : बोलण्यात मागे. परत येताना गल्लीत मांजर आडवं गेलं, तसा हा भाभीच्या कडेवरून ओरडला, "बिल्ली गई!"

मला रागच आला. मिरजेत आमच्या घरी दखनी बोलतात. मराठी गल्लीतली नि अंगणवाडीतली. मुलाला घरची भाषा येते आणि परीक्षा दुसऱ्याच भाषेत, मग तो नापास होणारच. अम्मीने तर विषयच मिटवला, "लडके देरसेच बोलते." आम्ही कागद घडी करून कपाटात ठेवला.

भाभीला मात्र चैन पडेना. तिच्या हट्टामुळे आम्ही वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंकडे गेलो, आणि मूल किती बोलतं हे मोजण्याचंही एक शास्त्र आहे हे तिथे कळलं.

प्रमाणित चाचणी म्हणजे आधी बऱ्याच मुलांवर वापरून पाहिलेली चाचणी. कोणत्या वयाची मुलं साधारण काय बोलतात, याची नोंद त्यातून तयार होते आणि आपल्या मुलाला त्या नोंदीशी ताडून बघतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेली मॅकआर्थर-बेट्स यादी सगळ्यांत गाजलेली. तिच्यात मुलाला काही विचारतच नाहीत, आईबापांनाच शब्दांची यादी देतात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ६८० शब्द, आणि मूल बोलतं त्या शब्दावर खूण करायची. अनोळखी बाईंपुढे मूल गप्प बसलं तरी आई खरं सांगते. या यादीने आणखी एक गोष्ट दाखवली : दोन वर्षांच्या काही मुलांकडे शंभरापेक्षा कमी शब्द असतात, तर काहींकडे पाचशेपेक्षा जास्त. शेजारणीच्या मुलाशी तुलना करणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावं.

अशी चाचणी भाषांतर करून वापरली की घोळ होतो. इंग्रजीतला सोपा शब्द मराठीत सोपा असेलच असं नाही. मराठीत तीन लिंगं, दखनीत दोन. म्हणून प्रत्येक भाषेत मुलं पुन्हा तपासून मोजमाप नव्याने बसवावं लागतं. आपल्या देशात हे काम झालेलं आहे. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ३३ मुद्द्यांची भाषा-मोजपट्टी तयार केली.

दोन भाषांच्या मुलाचं काय? तज्ज्ञ बाईंनी आम्हाला वही दिली. एका रकान्यात दखनी, दुसऱ्यात मराठी, आणि एकाच वस्तूचे दोन्ही शब्द येत असतील तर तिसऱ्यात खूण. आठवडाभर भाभी नि मी त्याच्या मागे होतो. घरचे ३१ शब्द निघाले, मराठी १२. त्यांतल्या ९ गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. म्हणजे ३४ वेगवेगळ्या गोष्टींना त्याच्याकडे नाव होतं. हीच खरी मोजणी. फक्त मराठी धरली असती तर १२ झाले असते. रत्नागिरीकडच्या घरात कोकणी असेल, कुठे उर्दू असेल, हिशेब असाच. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. "घरी फक्त मराठी किंवा इंग्रजीच बोला" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दादीने दखनी सोडली तर त्या मुलाशी बोलणारं एक माणूस कमी होतं.

मला वाटलं, सुटलो. पण वही बघून बाई म्हणाल्या, "दोन्ही भाषा धरूनही कमी आहेत." दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द असावेत आणि दोन शब्द जोडता यावेत. "बिल्ली गई"मध्ये जोडणी होती, पण तशी वाक्यं एकूण दोनच सापडली. त्यांनी पहिली चौकशी कानांची केली. सर्दी वारंवार होते का? होत होती. पाठीमागून हाक मारली तर वळतो का? भाभी नि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं निघालं. दुखत नव्हतं, तापही नव्हता. फक्त पोराला सगळं उशीतून ऐकल्यासारखं येत होतं. डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा तपासायला सांगितलं, कारण बहुतेकदा ते आपोआप जातं. तोवर त्याच्या समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचं. दुसऱ्या तपासणीत कान मोकळे होते.

अम्मीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ तसबीह हातात धरून बसली. आपणही कागद कपाटात ठेवला होता, हे मी बोलले नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. बोलण्यात शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईकरांसाठी वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जाताना घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं ते आधी सांगा, आणि शब्दांची वही बरोबर न्या. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल एकही शब्द बोलत नसेल, बोललेलं कळत नसेल किंवा येणारे शब्द विसरत असेल तर दुसऱ्या वाढदिवसाची वाट बघू नका.

आमची वही अजून चालू आहे. परवाचा शब्द मराठी रकान्यात गेला. मी दुधाचा पेला पुढे केला, तर साहेब म्हणाले, "नको फुफी."