गादीवरचे आयुष्य आणि अर्ध्या तासाचे चालणे

चाळिशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याच्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून सकाळचे चालणे सुरू केले, तीन महिने नेमाने केले. पण वजनाचा काटा जागचा हलला नाही. मग पहाटेची झोप मोडून मिळवले काय? असा प्रश्न पडला की चौथ्या महिन्यात बूट कोपऱ्यात जातात आणि माणूस पुन्हा सकाळीच गादीवर येऊन बसतो.

तक्रार खोटी नाही. मात्र तिच्यातून काढलेला निष्कर्ष महागात पडणारा आहे. खामगावची सराफी पेढी असो, मलकापूरची आडत असो, चिखलीचे किराणा दुकान असो की देऊळगावराजाचे कापड दुकान, आपल्या समाजाचा व्यवसाय बहुतांशी बसून चालतो. सकाळी दहाला गल्ल्यावर बसलेला माणूस रात्री दुकान वाढवूनच उठतो. माल नोकर काढतो, घरपोच माल मुलगा पोहोचवतो, बँकेचे काम मोबाईलवर होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. ज्या घरात कर्ता पुरुष पंचेचाळिशीत इन्सुलिनवर येतो, त्या घराच्या व्यापारालाही त्याची झळ बसते. म्हणूनच हलका व्यायाम खरोखर उपयोगाचा आहे का, असल्यास कशासाठी आणि किती, याचा हिशेब नीट मांडून पाहणे अगत्याचे आहे.

जमाखर्चाचा ताळेबंद

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या गतीने अर्धा तास चालला, तर सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. हा एकूण खर्च झाला. तोच माणूस तो अर्धा तास खुर्चीवर बसला असता तरी श्वासोच्छ्वास, हृदय आणि पचन यांपायी पस्तीस-चाळीस कॅलरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याच्या नावे निव्वळ ८०-८५ कॅलरीच पडतात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींचा साठा. खाण्यात काडीचाही फरक न करता रोज अर्धा तास चालल्यास एक किलो चरबी उतरायला अदमासे तीन महिने लागतात.

आता दुसरी बाजू. तेलाचा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, पोटात गेला की सुमारे १२० कॅलरी जमा होतात. फिरून आल्यावर ‘आज चालणे झाले आहे’ या समाधानात एक कचोरी किंवा फरसाणाची एक मूठ जास्त खाल्ली, तर चालण्याने मिळवलेले सारे त्यातच खर्ची पडते. केवळ चालून वजन फारसे का उतरत नाही, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटातच करावे लागते.

मग चालणे सोडून द्यावे काय? इथेच हिशेबाचे दुसरे पान उलटावे लागते.

बसून राहणाऱ्याची भूक

१९५६ मध्ये ज्याँ मेयर आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कारकून होते, यंत्रकामगार होते, गाठी वाहणारे हमाल होते आणि गिरणीच्या बाजारात दिवसभर एका जागी बसणारे दुकानदारही होते. जड काम करणारा जास्त जेवतो, हे अपेक्षितच होते. हलक्या कामापासून जड कामापर्यंत आहार श्रमाच्या प्रमाणात वाढत गेला आणि वजने जवळपास सारखी राहिली. आश्चर्य दुसऱ्या टोकाला होते. जे जवळजवळ हालचालच करत नव्हते, त्यांचा आहार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला होता. हे बैठे दुकानदार कष्टकऱ्यांच्या बरोबरीने जेवत होते आणि त्यांची वजने इतरांहून पुष्कळ जास्त होती.

ही एका वेळची पाहणी होती. दुकानदारांची खाण्यापिण्याची सुबत्ताही तिच्यात मिसळलेली असणार. तरीही तिच्यातील सूचना व्यापारी घराने मनात ठेवण्यासारखी आहे. हालचाल अगदीच नाहीशी झाली की भुकेचा काटाही बिघडतो. पोट भरल्याची खूण वेळेवर मिळत नाही. थोडी हालचाल हा काटा जागेवर ठेवायला मदत करते. चालण्याने वजन झपाट्याने उतरले नाही तरी चढणे आवरते, आणि आहार सांभाळून उतरवलेले वजन परत येऊ न देण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

त्याच काळात लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दोघांची गाडी एक, वेळ एक. पण चालक दिवसभर बसलेला आणि वाहक तिकिटे देत रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर नोकरीच्या आरंभीच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे सारा फरक पायऱ्यांचाच नव्हता. मात्र नंतरच्या दशकांतील अनेक अभ्यासांनी मूळ मुद्दा उचलून धरला: नित्याची हालचाल हृदयाचे रक्षण करते.

काटा आणि मापपट्टी

आपल्याकडे वजनाचा काटा आणखी एका कारणाने फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या ज्या ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले, तिला ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे म्हणता येईल. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात त्यांचे स्वतःचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होती. हातपाय बारीक, पण पोटाच्या आत चरबी साठलेली, अशी माणसे आपल्या प्रत्येक घरात आहेत. म्हणून भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त समजावे आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, असे वैद्यकीय तज्ज्ञांनी ठरवले आहे.

नियमित चालण्याने पोटातील ही आतली चरबी काही अंशी कमी होते आणि पायांचे स्नायू टिकतात. काट्यावर दोन्ही मिळून फरक दिसत नाही. मापपट्टीवर मात्र दिसू लागतो. ज्याने तीन महिने चालून फक्त वजनच पाहिले, त्याने चुकीची वही तपासली, असे म्हणावे लागेल.

याचा भक्कम पुरावा चेन्नईतून मिळतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला होता, त्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहारातील पथ्य आणि रोज अर्धा तास भरभर चालणे करवून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते. काटा स्थिर होता, तरी आत काहीतरी सुधारत होते. स्नायू हालले की ते रक्तातील साखर ओढून घेतात आणि इन्सुलिनचे काम सोपे होते. त्यासाठी आधी बारीक व्हावे लागत नाही.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत. सलग दहा मिनिटांची जुनी अटही आता उरलेली नाही. पाच-पाच मिनिटांची हालचालही खात्यात जमा होते. रोज दहा हजार पावलांचा आकडा तर १९६० च्या दशकात जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते, आणि ७,५०० पावलांनंतर लाभ फारसा वाढला नाही. घरातील आजी-आजोबांनी ‘आता आमच्याच्याने काय होणार’ असे म्हणण्याचे कारण नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र आपल्या समाजाला एक अनुकूलता लाभली आहे. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मधुमेही व्यक्तींवर प्रयोग केला. दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सर्वांत मोठा होता. चौविहार पाळणाऱ्या घरात संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. झोपेपर्यंत मध्ये तीन-चार तास मोकळे असतात. अडचण एवढीच की तीच वेळ बाजारात गिऱ्हाइकांची असते. डबा दुकानातच येतो आणि घास संपताच माणूस पुन्हा गल्ल्यावर बसतो. तेव्हा दहा मिनिटे मुलाला किंवा मुनीमजींना गल्ला सांभाळायला देऊन बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन यावे. यात गिऱ्हाईक तुटत नाही.

तप, पारणे आणि यात्रा

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची जीवनशैली महाराष्ट्रात घराघरांत पोहोचली आहे. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवणे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, असे तिचे स्वरूप. बियासण्याची सवय असलेल्यांना ती परकी वाटणार नाही. आहार आणि चालणे यांची जोडी त्यात फोडलेली नाही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

तपाचा हेतू कर्मनिर्जरेचा. वजनाशी त्याचा संबंध जोडू नये. तरी अठाईत उतरलेले वजन पारण्यानंतर महिनाभरात परत येते, हा अनेकांचा अनुभव आहे. दीर्घ उपवासात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पारण्यानंतर आहार हळूहळू वाढवावा, त्यात मूग, मटकी, हरभरा, दूध यांना स्थान द्यावे आणि हलके चालणे लवकर सुरू करावे, म्हणजे परत येणारे वजन निव्वळ चरबीचे राहत नाही.

यात्रेचेही तसेच. पंढरपूरहून परतणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत खामगाव ते शेगाव ही १६-१७ किलोमीटरची वाट हजारो माणसे पायी चालतात. आपले यात्रेकरू शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढतात आणि सम्मेद शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना करतात. श्रद्धा माणसाला वर्षातून एकदा हे करवून घेते. पण उरलेले ३६० दिवस गादीवर बसलेल्या गुडघ्यांना आणि हृदयाला ते जड जाते. रोजचे चालणे हीच यात्रेची खरी तयारी होय.

सावधानता

मधुमेहावरील गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासात वा उपाशीपोटी चालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. साखर एकाएकी खाली जाऊ शकते. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी लांबवर चालू नये. छातीत दडपण, धाप किंवा डाव्या हाताला कळ येत असेल, तर तपासणीआधी चालणे वाढवू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट रस्ता निवडावा. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांत तो सहज मिळतो, तर बुलढाण्यासारख्या घाटावरच्या गावात चढाचा रस्ता टाळावा. घाटाखालच्या कडक उन्हाळ्यात सकाळी लवकरच बाहेर पडावे. आणि पावसाळ्यात हिरवळीऐवजी डांबरी रस्त्याने, समोरची जमीन पाहत चालावे. ईर्यासमितीची जयणाही त्यात सांभाळली जाते.

घरातील स्त्रियांचा विचार यात मागे राहू नये. दळण, पाणी, धुणे ही कामे यंत्रांकडे गेली. स्वयंपाकघरातील उभे राहणे उरले, आणि ते थकवते, पण श्वास वाढवत नाही. सासू-सुनेने मिळून जिनालयापर्यंत वा स्थानकापर्यंत गाडीऐवजी पायी जाण्याचा नेम धरला, तरी निम्मे काम होते. उरलेल्यासाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, जिना चढणे पुरेसे आहे.

दोन घटिकांच्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या सामायिकासाठी रोज वेळ काढण्याची शिस्त ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे, त्याला अर्धा तास चालायला वेळ नाही, हे कारण पटणारे नाही. हलक्या व्यायामाकडून वजनाचा चमत्कार मागू नये. ते काम ताटाचे. साखर, रक्तदाब, हृदय, गुडघे आणि शांत झोप यांसाठी मात्र इतक्या कमी भांडवलात इतका परतावा देणारा दुसरा व्यवहार नाही. तीन महिन्यांनी काट्याऐवजी कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि जिना चढताना लागणारी धाप या तीन नोंदी तपासाव्यात. नफा त्याच पानावर सापडेल.