नव्या एंजिनाचे पहिले दोन हजार किलोमीटर

नवे जाते घरी आले, की कोणी लगेच त्यावर भाकरीचे पीठ दळायला बसत नाही. टाकी लावलेल्या पाळ्यांची खर आधी निघून जावी लागते. म्हणून पहिल्यांदा कोंडा-भरड काहीतरी दळायचे, ते टाकून द्यायचे, आणि कचकच गेली की मग धान्य. ही गोष्ट घरातल्या आजीला सांगावी लागत नाही. पण लाखो रुपयांची शर्यती बांधणीची मोटार घेणाऱ्या माणसाला मात्र कंपनीला पुस्तकात छापून सांगावी लागते!

आता हे एंजिनात कसे घडते, ते पाहू. सिलिंडर म्हणजे एक गुळगुळीत नळकांडे, आणि त्यात वरखाली धावणारा तो पिस्टन, म्हणजे दट्ट्या. पिस्टनभोवती पोलादी कड्या बसवलेल्या असतात. सिलिंडर गुळगुळीत म्हटले खरे, पण तो आरशासारखा नसतो. कारखान्यात त्याच्या आतल्या अंगावर मुद्दाम एकमेकींना छेद देणाऱ्या बारीक रेघा पाडतात, अगदी जात्याच्या टाकीसारख्या. ह्या रेघांत वंगणाचे तेल धरून राहते. रेघांमधली उंच टोके मात्र कडीने घासून बसायला हवीत. कडी आणि भिंत एकमेकींना जुळली, की वरचा वायू खाली निसटत नाही आणि खालचे तेल वर जळत नाही. एंजिनाची ताकद आणि आयुष्य ह्या जुळण्यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. खडूचे दोन नवे तुकडे घ्या आणि एकावर एक हलकेच घासा. थोड्या वेळात दोघांनाही सपाट जागा पडते आणि खाली भुकटी साचते. तीच भुकटी एंजिनात धातूची असते, आणि ती पडते वंगणाच्या तेलात. आता तेच खडू जोर लावून घासा. काय होते ते मुलेच सांगतील.

जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या ‘एम’ जातीच्या गाड्या घ्या. एम-३ हे त्यांतले प्रसिद्ध नाव. तिचे एंजिन मिनिटाला सात हजारांवर फेरे घेऊ शकते. पण तिचे पुस्तक सांगते की पहिले २,००० किलोमीटर ५,५०० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, वेग ताशी १७० किलोमीटरच्या आत ठेवा, आणि पेडल पूर्ण दाबू नका. पुढेही मर्यादा हळूहळूच वाढवायची. ताशी १७० ही कसली मर्यादा, असे आपल्याला वाटेल, आणि आपल्या रस्त्यांवर ते खरेच आहे. पण जर्मनीत मोटारींच्या हमरस्त्यांचे असे लांब तुकडे आहेत, जिथे वेगाला कायद्याची मर्यादाच नाही.

त्याच पुस्तकातला दुसरा सल्ला लोक विसरतात: वेग आणि फेरे सारखे बदलत ठेवा. इथे पुष्कळांची गल्लत होते. नवे एंजिन म्हणजे नाजूक बाळ, त्याला जपायचे, असे समजून ते गाडी तासन् तास एकाच संथ चालीने नेतात. पण कडी भिंतीवर दाबली जाते ती जळत्या वायूच्या दाबाने. हा वायू कडीच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर रेटतो. भार अगदीच कमी असेल तर दाब कमी, आणि कडी बसतच नाही. भिंतीवर राहिलेले तेल भाजून तिथे काचेसारखा लेप चढतो. मग पुढे कितीही चालवा, तेल जळतच राहते. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावला, तर उंच टोकांशी उष्णता एकवटते आणि धातू धातूला ओरबाडतो. तेव्हा मध्यम भार, मग थोडा जास्त, मग पुन्हा सैल, असं चालवायचं. आणि तेल पुरते तापेपर्यंत घाई नाही. पाणी आधी तापते, तेल मागून; पाण्याचा काटा पाहून फसू नका.

२,००० किलोमीटर झाले, की एंजिनातले आणि मागच्या डिफरन्शिअलमधले तेल बदलतात. तेल जुने झाले म्हणून नव्हे. त्यात ती भुकटी आहे म्हणून. एंजिनच नव्हे, तर नव्या टायरांना रस्त्याची नीट पकड यायला सुमारे ३०० किलोमीटर लागतात, ब्रेकांना सुमारे ५००. वेगवान गाडीत ही गोष्ट एंजिनाहूनही जिवाशी गाठ घालणारी आहे.

विलायतेत एके काळी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर, एंजिन नवे आहे, कृपया पुढे जा, अशा अर्थाची पाटी लावीत. आता यंत्रांची घडण फार सफाईची झाली, पाटी गेली. पुस्तकातले पान राहिले.

आपल्या विहिरीवरचे डिझेल एंजिन आणि दारातला ट्रॅक्टर ह्याच जातकुळीचे. नवे एंजिन पंप न जोडता दिवसभर नुसतेच फिरत ठेवणे ही माया नव्हे, त्याने तोच काचेचा लेप चढतो. मध्यम भार द्या, तो वाढवत न्या. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत पहिले तेल ५० तासांनी बदलायला सांगतात. आपल्या पुस्तिकेत असेल तो आकडा पाळा. सुरुवातीला तेल थोडे जास्त लागू शकते, म्हणून रोज सकाळी एंजिन थंड असताना पट्टी काढून पातळी पाहा. आणि कोणाची वापरलेली गाडी वा ट्रॅक्टर घेणार असाल, तर रंग पाहण्याआधी ते पहिले तेल केव्हा बदलले त्याची पावती मागा.